एका क्रमांकाचे दोन धनी

वर्ध्याला लागून असलेल्या सावंगी (मेघे) या गांवाचें नांव आज जो तो ओळखतो तें तेथील वैद्यकीय महाविद्यालयामुळें. १९९० सालीं तें निघालें, आणि तेव्हांपासून तपासणीच्या कागदांची पिशवी काखेस मारून रुग्णालयाकडे जाणारे लोक आमच्या ओटीवरून रोज दिसतात. गेल्या दिवाळींत तसलाच एक कागद आमच्या घरीं आला. त्याची हकीकत वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून दादांच्या अनुमतीनें येथें देत आहों.

आम्ही तिघे भाऊ एकत्र राहतों. माजघरांतील फडताळांत एक जुना संगणक आहे. तोच आमचें दप्तर. सातबाऱ्याचे उतारे, विजेचीं बिलें, मुलांच्या गुणपत्रिका, लग्नाकार्यांचे फोटो, सर्व त्यांत. ज्यानें त्यानें आपल्या खोलींतील संगणकावरून तें पाहावें, यासाठीं एन्.एफ्.एस्. नांवाची योजना बसविली आहे. अमेरिकेंतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें ती १९८४ च्या सुमारास प्रथम काढली. आमच्या घरीं आहे ती १९९५ सालीं नियम प्रसिद्ध झालेली तिसरी आवृत्ति.

या योजनेंत सारा व्यवहार ठराविक निरोपांनीं चालतो. निरोपांचे प्रकार अवघे बावीस. ‘या नांवाची फाईल आहे काय?’ असें विचारलें म्हणजे दप्तरी संगणक एक खूण देतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो तशी ही खूण. तिचा अर्थ देणाऱ्यासच ठाऊक. पुढें ‘या खुणेच्या फाईलींतील इतक्याव्या अक्षरापासून इतकीं अक्षरें दे’ असा दुसरा निरोप जातो. गंमत अशी कीं, दप्तरी संगणक कोणाचीच आठवण ठेवीत नाहीं. पत्त्यासकट लिहिलेल्या पोस्टकार्डाप्रमाणें प्रत्येक निरोप आपल्यापुरता पुरा असतो. त्यामुळें मध्येंच वीज गेली (आणि आमच्याकडे ती जातेच!) तरी ती आल्यावर तोच निरोप पुन्हां धाडला कीं काम पुढें चालूं. फाईल पुसण्याच्या निरोपाचें मात्र तसें नाहीं. पहिलें उत्तर वाटेंत हरवलें आणि निरोप पुन्हां गेला, तर ‘अशी फाईलच नाहीं’ असें उलट उत्तर यावयाचें! म्हणून अलीकडील दिलेलीं उत्तरें थोडा वेळ जपून ठेवण्याची युक्ति पुढें काढावी लागली.

आतां परवानगीचें. प्रत्येक फाईलीवर तीन आंकडे असतात: पहिला धन्याचा, दुसरा त्याच्या गटाचा, तिसरा इतरांचा. वाचण्याचे चार, लिहिण्याचे दोन, चालविण्याचा एक, अशी बेरीज. दादांनीं आपल्या एका फाईलीवर ६०० घातले होते. म्हणजे वाचणें-लिहिणें त्यांचेंच, इतर कोणाचें कांहीं नाहीं.

दिवाळींत आमचे चिरंजीव पुण्याहून आपला नवा लॅपटॉप घेऊन आले. दुसऱ्या दिवशीं पंक्तींत त्यांनीं सहज विचारलें, “मोठे काका, तो गाठीचा रिपोर्ट डॉक्टरांना दाखवलात का?”

वहिनींच्या हातांतील वरणाची पळी तशीच राहिली. धाकट्या मुलीचें लग्न पार पडेपर्यंत दादा ही गोष्ट कोणास कळूं देणार नव्हते.

चिरंजीवांनीं कुलूप फोडलें नव्हतें. फाईल इतर फाईलींसारखीच उघडली होती. कारण असें कीं, निरोपाबरोबर माणसाचें नांव जात नाहीं, जातो तो क्रमांक. लिनक्सच्या बहुतेक प्रचलित प्रकारांत पहिल्या माणसास १००० हा क्रमांक आपोआप मिळतो. दादा त्यांच्या संगणकावर पहिले, चिरंजीव आपल्या लॅपटॉपवर पहिले. फडताळांतल्या संगणकाला दोघेही एकच! ‘मी १०००’ असें येणाऱ्यानें म्हणावें आणि यानें मान डोलवावी. प्रत्यक्ष व्यवस्थापकाचा शून्य क्रमांक सांगत कोणी आला तर त्यास मात्र बहुधा ‘कोणी नव्हे’ असें समजून बाहेरच ठेवतात. हजाराबद्दल तसा संशय कोणी घेत नाहीं. ही योजना ज्या कचेऱ्यांसाठीं निघाली तेथें सारे संगणक एकाच व्यवस्थापकाच्या हातांत असत, म्हणून हा भाबडेपणा खपला असावा. २००० सालच्या चौथ्या आवृत्तींत केरबेरॉस या पद्धतीनें खरी ओळख पटविण्याची सोय असणें सक्तीचें झालें. ती वापरणें न वापरणें अजून घरधन्याकडे. आम्हीं वापरली नव्हती.

त्याच रात्रीं चिरंजीवांनीं आपल्या लॅपटॉपवर आपला क्रमांक १००३ केला, आणि ती फाईल त्यांस उघडेनाशी झाली. दादा शेजारीं बसून पाहत होते. म्हणाले, “आतां कुलूप कशाला?” फाईलीचे आंकडे बदलण्याचा अधिकार धन्याचा. त्यांनीं स्वतःच्या हातानें ६०० चे ६४० केले. म्हणजे गटास वाचावयास मोकळीक.

‘घर’ या गटाची यादी तेव्हां उघडून पाहिली. तींत वहिनींचें नांव नव्हतें. त्यांस संगणक लागत नाहीं म्हणून आम्हांपैकीं कोणीं घातलेंच नव्हतें. दादांनीं चिरंजीवांकडून तें आधीं घालून घेतलें आणि मग वहिनींस हांक मारली.