रायफल लाकडी घेऊ की चॅसीवाली?

रेंजवर वर्षभर क्लबची रायफल वापरलीत. स्कोअर वर सरकायला लागला. आता घरी हळूच विषय काढलाय, ‘स्वतःची घ्यायची.’ आईबाबा पैशांची जुळवाजुळव करताहेत आणि तुम्ही मात्र अडलाय वेगळ्याच प्रश्नावर: लाकडी दस्ता घ्यावा की अ‍ॅल्युमिनियमची चॅसी? कट्ट्यावर उत्तर तयारच असतं, ‘चॅसीच घे, एकदम प्रो दिसते!’

जरा थांबा. दस्ता म्हणजे रायफलचा तो भाग, ज्यात नळी बसते आणि जो तुमच्या खांद्याला नि गालाला टेकतो. पारंपरिक दस्ता लाकडाचा असतो. चॅसी म्हणजे धातूचा सांगाडा. गालपट्टी, बटप्लेट, ग्रिप असे सगळे भाग त्यावर वेगळे बसवलेले. स्क्रू सैल करा, भाग वर-खाली, मागे-पुढे सरकवा. वाल्थर कंपनीची एलजी४०० ही एअर रायफल लाकडी दस्त्यातही आली आणि अ‍ॅल्युमिनियमच्याही. मग फरक कुठे पडतो? तर धरणाऱ्याच्या अंगात.

१० मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि मॅचमध्ये ६० शॉट मारायचे असतात. मान थोडी ताणून पहिले दहा शॉट निभतीलही. पन्नासाव्या शॉटला ती मान दगा देणारच.

चॅसी खरी कामाला येते ती थ्री पोझिशनला. गुडघ्यावर, झोपून आणि उभ्याने, प्रत्येकी २० शॉट. पोझिशन बदलली की खांदा आणि गाल वेगळ्या जागी येतात, त्यामुळे दस्ताही बदलावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच प्रकारात. तुमची उंची अजून वाढतेय किंवा एकच रायफल दोघा भावंडांत वापरायचीय, तरीही चॅसीच सोयीची.

पण फक्त १० मीटर, तेही उभ्यानेच मारणार असाल आणि लाकडी दस्ता अंगाला नीट बसत असेल, तर त्याला कमी लेखू नका. नाशिकच्या पावसाळ्यात अखंड लाकूड ओल धरून किंचित फुगू शकतं, हे खरं. पातळ थर चिकटवून केलेला लॅमिनेटेड दस्ता त्यामानाने स्थिर राहतो.

चॅसीचा एक धोकाही ऐकून ठेवा. स्कोअर पडला की हात आधी पान्याकडे जातो! आज गालपट्टी, उद्या बटप्लेट. महिन्याभराने मूळ सेटिंग काय होतं, हेच आठवत नाही. म्हणून प्रत्येक आकडा वहीत लिहा, एका वेळी एकच बदल करा आणि त्यावर पूर्ण सिरीज मारून बघा.

विकत घेण्याआधी एक साधी परीक्षा. जॅकेट घाला, रिकामी रायफल टार्गेटच्या दिशेने धरा, डोळे मिटा, गाल टेकवा, दोन श्वास घ्या. डोळे उघडल्यावर नजर मागच्या साइटच्या बरोबर मधोमध आली पाहिजे. मान हलवावी लागली, तर दस्ता जुळवून पुन्हा बघा. तरीही जमत नसेल, तर ती रायफल तुमची नाही, मग ती कितीही भारी दिसो.

आणि लाकडीच बसली, पैसे वाचले, तर ते पेलेट्सवर खर्च करा. स्कोअर सरावानेच वाढतो.