लाखोळी, मज्जारज्जू आणि आपले दुकान

पारशिवनी, रामटेक आणि मौदा या तालुक्यांपासून भंडारा-गोंदियापर्यंत पसरलेल्या धानपट्ट्यात कार्तिक महिन्यात एक जुनी रीत पाळली जाते. धान कापणीला आलेले असते आणि बांध्यांत अजून ओल असते. त्या ओलीवर, उभ्या धानातच, शेतकरी लाखोळीचे बी फेकतो. यास ‘उतेरा’ म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, पुढे पाणीही नाही. धान निघून जाते आणि त्याच जागी लाखोळीचा वेल निळी फुले घेऊन वर येतो. कोवळ्या पानांची भाजी होते, दाण्याची डाळ होते, काड गुरांना जाते. पाऊस कमी झाला तरी हे पीक येते आणि अधिक झाला तरी तगते. इतके गुणी पीक अन्य डाळींत क्वचितच आढळेल.

हीच लाखोळी हिंदी प्रदेशात खेसारी किंवा तिवडा या नावाने ओळखली जाते. शासनाने १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत तिच्या विक्रीवर बंदी घालण्याची तरतूद केली आणि महाराष्ट्राने ती बंदी आपल्या हद्दीत लागू केली. धान्याच्या व्यापारात पिढ्या घालविलेल्या आपल्या अनेक कुटुंबांना या बंदीची आठवण असेल. मात्र बंदी कशासाठी होती, ही डाळ शरीरात नेमके काय करते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते समजून घ्यावयाचे तर प्रथम आपल्या मज्जासंस्थेची रचना पाहिली पाहिजे.

मज्जासंस्थेचे दोन मुख्य भाग मानले जातात. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून मध्यवर्ती संस्था होते. तेथून निघून सर्व शरीरभर पसरणाऱ्या मज्जातंतूंची परिघीय संस्था होते. प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असून त्यात सुमारे ८६ अब्ज मज्जापेशी आहेत. मोठा मेंदू विचार, स्मृती आणि ऐच्छिक हालचाली सांभाळतो. लहान मेंदू तोल आणि हालचालींतील मेळ राखतो. मस्तिष्कपुच्छ श्वास आणि हृदयाची गती यांवर लक्ष ठेवते. मस्तिष्कपुच्छाच्या खालून मज्जारज्जू सुरू होतो. तो सुमारे ४५ सेंटिमीटर लांब आणि करंगळीएवढा जाड असतो. पाठीच्या कण्याच्या पोकळीत तो सुरक्षित असतो आणि कमरेच्या वरच्या भागातच संपतो. मेंदूपासून मज्जातंतूंच्या १२ जोड्या निघतात आणि मज्जारज्जूपासून ३१.

आपल्या दर्शनात जीवांचे वर्गीकरण इंद्रियांवरून केले आहे. स्पर्श, रस, गंध, रूप आणि शब्द हे पाच विषय ग्रहण करणारा, शिवाय मन असलेला, तो संज्ञी पंचेंद्रिय जीव. शरीरशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर या पाचही इंद्रियांची वार्ता तंतूंच्या वाटेने मेंदूकडे जाते. या वर जाणाऱ्या वाटा होत. खाली येणाऱ्या वाटा निराळ्या आहेत आणि आपला आजचा विषय त्यांच्याशी निगडित आहे.

आपण उठून दुकानाची पायरी उतरावयाचे ठरवितो तेव्हा मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरील पेशींपासून एक आज्ञा निघते. या पेशींचे तंतू मस्तिष्कपुच्छाशी येऊन बहुतांशी बाजू बदलतात, म्हणून मेंदूचा डावा भाग उजव्या पायाला चालवितो. पुढे हे तंतू मज्जारज्जूतून कमरेपर्यंत उतरतात. तेथे पहिल्या पेशीची आज्ञा दुसरी पेशी घेते आणि आपल्या लांब तंतूने ती पायाच्या स्नायूपर्यंत पोहोचविते. पहिल्या पेशीला वरची प्रेरक पेशी आणि दुसरीला खालची प्रेरक पेशी म्हणतात. तंतूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असल्याने आज्ञा वेगाने धावते. काही तंतूंत हा वेग सेकंदाला १०० मीटरपर्यंत जातो.

या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. त्यांच्यामध्ये अत्यंत सूक्ष्म फट असते. विजेच्या रूपाने आलेली आज्ञा या फटीपाशी थांबते आणि तेथे एक रासायनिक द्रव्य सोडले जाते. उत्तेजनाचे काम करणाऱ्या अशा द्रव्यांत ग्लुटामेट हे प्रमुख आहे. पुढील पेशीवर ग्लुटामेट बसण्यासाठी ठराविक आकाराच्या जागा असतात. कुलपात किल्ली बसावी तसे ग्लुटामेट तेथे बसते, पेशी क्षणभर जागी होते, लगेच ते द्रव्य तेथून उचलले जाते आणि पेशी शांत होते. हे जागे होणे आणि शांत होणे सतत, मोजूनमापून चालते. त्यात सौम्यपणा राहिला नाही तर पेशी थकते आणि अति झाले तर मरते.

लाखोळीच्या दाण्यात एक अमिनो आम्ल असते. शास्त्रज्ञ त्यास संक्षेपाने बीटा-ओडॅप म्हणतात. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी ते दाण्यातून वेगळे काढून त्याची रचना निश्चित केली. त्याचा आकार ग्लुटामेटशी मिळताजुळता आहे. त्यामुळे ग्लुटामेटच्या जागेवर ते जाऊन बसते आणि पेशीला ते खरेच वाटते. पेशी उत्तेजित होते, परंतु पुरेशी शांत होत नाही. तिच्या आत कॅल्शियमचा पूर येतो आणि अखेर ती नष्ट होते. लाखोळीच्या विकाराचे हे मुख्य कारण मानले जाते. सर्वाधिक हानी वरच्या प्रेरक पेशींची होते आणि त्यांतही पायांकडे जाणाऱ्या सर्वांत लांब तंतूंची. म्हणूनच या विकारात हात बहुधा वाचतात आणि पाय जातात.

या विकाराला लॅथिरिझम म्हणतात. नेपल्स येथील वैद्य कांतानी यांनी १८७३ साली हे नाव दिले. सुरुवात पोटऱ्या आखडण्यापासून होते. पाय ताठ होतात, टाचा टेकत नाहीत, चालताना गुडघे एकमेकांवर घासतात आणि पाय कात्रीसारखे एकमेकांपुढे येतात. पुढे एका काठीचा आधार लागतो, नंतर दोन काठ्यांचा, आणि शेवटच्या अवस्थेत मनुष्य हातांवर सरपटतो. बुद्धी शाबूत असते. पायांची संवेदना बहुधा टिकून असते. आयुष्यही सहसा कमी होत नाही. लाखोळी खाणे थांबविल्यावर विकार सहसा वाढत नाही, परंतु मेलेली मज्जापेशी पुन्हा उगवत नाही आणि गेलेली चाल परत येत नाही. बळी पडलेल्यांत कष्टकरी तरुण पुरुषांची संख्या अधिक आढळली आहे. घर चालविणाराच असा बसला म्हणजे त्या घराचे काय होत असेल, हे सांगावयास नको.

याची नोंद आपल्याच मध्य भारतात झाली आहे. सागर-नर्मदा प्रदेशात अधिकारी असलेल्या स्लीमन यांनी १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात सागर भागातील गावांची हकीकत दिली आहे. १८२९ साली गारपिटीने गहू गेला, पुढील वर्षी पाऊस पुरेसा झाला नाही, त्याच्या पुढील वर्षी तांबेऱ्यासारख्या रोगाने पीक बुडाले. या सर्व आपत्तींत तिवडा मात्र जोमाने वाढला. लोकांनी तोच खाल्ला आणि पुढे अनेक तरुण माणसांचे कमरेखालचे अंग निकामी झाले. हाच प्रदेश पुढे १८६१ साली नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात आला. विसाव्या शतकात रीवा संस्थानात आणि नंतर सतना भागात अशी शेकडो माणसे वैद्यांना आढळली. तेथे वेठबिगार मजुरांना मजुरी म्हणून हेच धान्य दिले जात असे. युरोपातही १६७१ साली वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने या पिठाची भाकरी करण्यास मनाई केली होती. सर्वत्र कथा एकच आहे: दुष्काळ, दारिद्र्य आणि दुसरे काही खावयास नसणे.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. लाखोळीची भाजी किंवा वडे कधीमधी खाल्ल्याने कोणाचे पाय जात नाहीत. आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक लाखोळी असेल आणि हे दोन-तीन महिने किंवा अधिक काळ चालले, तेव्हा धोका उभा राहतो. धान्य, भाज्या आणि अन्य डाळी यांची जोड असेल तर तो कमी होतो. बीटा-ओडॅप पाण्यात विरघळते. डाळ गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी फेकून दिले तर त्याचा मोठा भाग निघून जातो. पीठ करून भाकरी केली तर मात्र तो तसाच राहतो.

म्हणूनच सरसकट बंदी योग्य की अयोग्य, हा वाद चालू राहिला. नागपूरचे डॉ. शांतीलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी यासाठी दीर्घकाळ चळवळ केली, उपोषणेही केली. गरिबाच्या ताटातील स्वस्त प्रथिन हिरावून घेऊ नये, हा त्यांचा मुद्दा होता. लाखोळीत प्रथिनांचे प्रमाण सुमारे २८ टक्के असते हे पाहिले म्हणजे त्या मुद्द्याचे वजन कळते. दुसऱ्या बाजूस वैद्यकशास्त्राची भीतीही निराधार नव्हती. यातून एक मधला मार्ग निघाला. संशोधकांनी विषाचे प्रमाण ०.१ टक्क्याहून कमी असलेले वाण तयार केले. रतन, प्रतीक आणि महातिवडा या तीन वाणांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने २०१६ साली अनुकूलता दर्शविली.

हा झाला शेतकऱ्याचा आणि शास्त्राचा भाग. आपला भाग दुकानापासून सुरू होतो.

लाखोळीची डाळ तुरीसारखी दिसते आणि तुरीहून स्वस्त असते. या दोन गोष्टी एकत्र आल्या की मोह उत्पन्न होतो. तूरडाळीत, चणाडाळीत आणि बेसनात तिची भेसळ होत आली आहे. लाखोळी म्हणून लाखोळी घेणारा मनुष्य काय खातो हे जाणतो आणि ती किती खावी, पाणी फेकावे की नाही, हे ठरवू शकतो. तूर म्हणून लाखोळी घेणाऱ्याकडून हा विचार आपण काढून घेतलेला असतो. स्वस्तातील खुली डाळ आणि बेसन घेणारा मजूर तर वर्षभर तीच खातो.

श्रावकाच्या तिसऱ्या व्रताचे, म्हणजे अचौर्याचे, पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवितो. चोरीस साहाय्य, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन, खोटी मापे आणि पाचवा प्रतिरूपक व्यवहार. चांगल्या वस्तूच्या नावाखाली तिच्यासारखी दिसणारी हलकी वस्तू देणे, असा त्याचा अर्थ. आचार्यांनी भेसळीला चोरीच्या प्रकरणात घातले, हे विचार करण्यासारखे आहे. मज्जारज्जूत जे घडते तेही अगदी असेच असते. ग्लुटामेटच्या जागी त्याच्यासारखे दिसणारे द्रव्य येऊन बसते आणि पेशी फसते. दुकानात तुरीच्या जागी तुरीसारखा दाणा येतो आणि ग्राहक फसतो. येथे तिसऱ्या व्रताबरोबर पहिल्या व्रतालाही बाधा येते, कारण एका पंचेंद्रिय जीवाचे पाय जाण्याची शक्यता आपण वजनात मोजून दिलेली असते.

ठोक मालातून आलेली डाळ पारखणे कठीण नाही. मूठभर डाळ पांढऱ्या कागदावर पसरावी. तुरीची पाकळी गोलसर असते, तर लाखोळीचा दाणा कोनदार, चौकोनी आणि एका बाजूस उतरता दिसतो. बेसनात मात्र डोळ्यांना काही कळत नाही, म्हणून दळणाऱ्याकडे जाणारी डाळच पाहून घ्यावी. शंका आल्यास नमुना प्रयोगशाळेत द्यावा. एखाद्या पोत्याचे नुकसान सोसावे लागले तर सोसावे, पण ते पोते पुढे ढकलू नये.

घरासाठीही एक सूचना करावीशी वाटते. पाय ताठ होणे आणि पायांना मुंग्या येणे, बधिरपणा जाणवणे या दोन निराळ्या तक्रारी आहेत. आपल्या शाकाहारी कुटुंबांत दुसरी तक्रार अधिक आढळते आणि तिच्या मागे बऱ्याचदा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता असते. मज्जातंतूंवरील स्निग्ध आवरण टिकविण्यास हे जीवनसत्त्व आवश्यक आहे. वनस्पतिज आहारातून ते मिळत नाही; दूध, दही, ताक यांतून काही प्रमाणात मिळते. वडीलधाऱ्यांचा तोल जाऊ लागला, अंधारात चालताना पाय अडखळू लागले, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नये. रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार घ्यावा. वेळीच लक्ष दिल्यास ही हानी बऱ्याच अंशी भरून निघते. उशीर झाल्यास निघत नाही.

यंदा संवत्सरी प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचा पाचवा अतिचार उच्चारताना, आपल्या दुकानातून गेलेली डाळ ज्याच्या चुलीवर शिजते त्या अनोळखी माणसाचे पाय एकदा डोळ्यांसमोर आणावेत.