संशोधनाने गाव गाठायला हवे

कर्करोगावरचे नवे औषध किंवा नवी तपासणी खरोखर उपयोगी आहे का, हे माणसांवर होणाऱ्या चाचण्यांतूनच ठरते. आपल्याकडे यातल्या बहुतेक चाचण्या मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत चालतात. साहजिकच त्यांत टिकतो तो वारंवार फेऱ्या मारू शकणारा, मजुरी बुडाली तरी ज्याची चूल पेटते असा रुग्ण. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईचा आजार उशिरा उघडकीस येतो, जोडीला रक्तक्षय असतो आणि स्थलांतरात उपचार अर्धवट सुटतात. शहरी रुग्णांवरून काढलेला निष्कर्ष तिला तसाच लागू पडेल, असे मानायला शास्त्रीय आधार नाही. म्हणून चाचण्या ग्रामीण भागात नेणे ही न्यायाची बाब आहे, तशीच अचूक विज्ञानाचीही गरज आहे.

हे जमण्यासारखे आहे, याचा पुरावा मराठवाड्यातच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी 52 ग्रामसमूहांतील 1,31,746 स्त्रियांना चार गटांत विभागले. 2009 मध्ये निष्कर्ष आले : एचपीव्ही या विषाणूची चाचणी एकदाच देऊ केलेल्या गटात या कर्करोगाने 34 मृत्यू झाले, तर तुलनेसाठीच्या गटात 64. खेड्यातल्या बायकांच्या सहभागातून मिळालेले हे उत्तर जगभरच्या तपासणी-धोरणांना उपयोगी पडले.

गरिबांना प्रयोगाचे साधन बनवले जाईल, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. उस्मानाबादच्या तुलना-गटाला तपासणी मिळाली नाही, यावर कडक टीका झाली. खम्मम आणि वडोदरा येथील एचपीव्ही लशीचा प्रकल्प 2010 मध्ये थांबवावा लागला. पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे नंतरच्या चौकशीत समोर आले. पण यावरचा उपाय गरिबांना संशोधनातून वगळणे हा नाही. वगळल्यावरही त्यांच्यावर उपचार होतातच, फक्त ते दुसऱ्यांवर तपासलेले असतात. उपाय आहे तो संमती खरी करण्याचा : रुग्णाच्या बोलीत समजावणे, घरी विचारायला वेळ देणे, नकार दिला तरी नेहमीचे उपचार चालू राहतील याची हमी देणे. औषध-चाचण्यांविषयीच्या 2019 च्या नियमांनी चाचणीमुळे झालेल्या इजेची भरपाई बंधनकारक केली आहे. तो हक्क संमतिपत्राच्या बारीक अक्षरांत न राहता रुग्णाला तोंडी सांगितला पाहिजे.

दुसरा आक्षेप असा की तालुक्याच्या रुग्णालयात ना पुरेसे तज्ज्ञ, ना यंत्रे. हे खरे आहे. पण चाचणीतली सगळी कामे तिथे व्हायची गरजही नाही. गाठीचे निदान आणि औषधाची निवड मोठ्या केंद्रात व्हावी. रक्ततपासणी, गोळ्यांचे वाटप आणि दुष्परिणामांची नोंद घराजवळ व्हावी. 2012 मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरची रुग्णालये जोडली गेली आहेत, त्या जाळ्यावर हे उभारता येईल. प्रश्नही इथल्या गरजेतून निवडावेत. टाटा मेमोरियलने डोके-मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब या महागड्या औषधाची मात्रा नेहमीच्या दहाव्या हिश्श्याहून कमी ठेवून स्वस्त गोळ्यांच्या उपचाराला जोड दिली, तेव्हा वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेले. महागडे औषध कमीत कमी किती पुरेल, हा प्रश्न औषध विकणारी कंपनी सहसा विचारत नाही. तो सार्वजनिक पैशातूनच विचारला जाईल.

एवढे करूनही एक अट उरते. उस्मानाबादमध्ये एचपीव्ही चाचणी सरस ठरली, तरी 2016 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी खर्च आणि सोय पाहून व्हिनेगर लावून डोळ्यांनी करायची तपासणी निवडली. ज्यांच्या शरीरांनी उत्तर दिले, त्यांच्यापर्यंत ते उत्तर पोहोचले नाही. म्हणून यशस्वी ठरलेला उपचार त्या जिल्ह्याला कधी, कोणाच्या खर्चाने मिळणार, हे चाचणीला मंजुरी देतानाच लेखी ठरले पाहिजे. ते ठरत नसेल, तर त्या जिल्ह्यात चाचणी करण्याचा अधिकारही कोणाला असू नये.