ओझे ओढणारी काटकसरी गाडी

कोणी नवी मोटारगाडी घेतली की आपल्या गावात पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की "ॲव्हरेज किती देते?" प्रश्न व्यवहाराचा आहे, आणि ज्या गावाचा चरितार्थ यंत्रमाग, गोदामे व मालमोटारी यांवर चालतो त्या भिवंडीस तो शोभतोही. परंतु त्याच गाडीच्या मागे एखादे ओझे जोडावयाचे असेल, तर एवढ्याच प्रश्नाने काम भागत नाही. मोटारीस लहानसा निवासी ट्रेलर जोडून सहकुटुंब सहलीस निघावे, रात्री डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम करावा, ही हौस आता आपल्याकडेही उत्पन्न होऊ लागली आहे. 2021 साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरणही स्वीकारले. तेव्हा असा ट्रेलर ओढण्यास कोणती गाडी निवडावी व इंधन कोठे खर्च होते, याचा थोडा विचार विद्यार्थी व पालक या उभयतांसमोर ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

चाकांवरचे बिऱ्हाड ही कल्पना आपणांस नवी नाही. बैलगाडीत संसार घालून गावोगाव फिरणारे लोक आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या होऊन गेले. केवळ हौसेखातर असे घर बांधून घेण्याचा मान मात्र डॉक्टर गॉर्डन स्टेबल्स या गृहस्थांस देतात. त्यांनी 1885 साली इंग्लंडात ‘वाँडरर’ नावाची गाडी तयार करविली आणि तीस दोन घोडे जुंपून प्रवास केला. पुढे घोड्यांची जागा मोटारीने घेतली. घोडा थकला म्हणजे थांबतो, त्यामुळे ओझे किती झाले हे धन्यास तत्काळ कळत असे. मोटार तशी बोलत नाही. ती आपली तक्रार पेट्रोल पंपावर, नाहीतर घाटाच्या उतारावर सांगते. म्हणून तिचा हिशेब आपणच आधी केला पाहिजे.

ट्रेलर ओढताना गाडीस तीन गोष्टींशी झगडावे लागते. पहिली गोष्ट म्हणजे रस्ता. कापडाचे तागे भरलेली हातगाडी ओढणारा मजूर आपण रोज पाहतो. सपाट रस्त्यावरही त्यास जोर लावावा लागतो, कारण टायर दबतात, रस्ता खडबडीत असतो व चाकांत घर्षण असते. दुसरी गोष्ट म्हणजे चढ. पुलाच्या चढावर तोच मजूर पुढे झुकतो आणि मागून ढकलण्यास सोबती बोलावतो. तिसरी गोष्ट म्हणजे हवा. हातगाडीची गती मंद असल्याने मजुरास ही जाणवतही नाही, आणि म्हणूनच आपणही तिला विसरतो. वास्तविक मोटारीच्या बाबतीत या तिघींत सर्वांत खर्चिक हीच होय.

हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून एक ढोबळ हिशेब मांडू. समजा, ट्रेलरचे वजन सामानासह 600 किलो आहे. डांबरी रस्त्यावर वजनाच्या शेकडा सव्वा ते दीड भागाइतका ओढा रस्त्यासाठी लागतो. आपल्या ट्रेलरकरिता तो सुमारे 8 किलो होतो. आता हवेचे पाहू. ट्रेलर पेटीसारखा उंच असेल व मोटारीच्या छपरावर बराच डोकावत असेल, तर ताशी 80 किलोमीटर वेगाने त्याच्यामुळे वाढणारा ओढा 45 किलोच्या आसपास जातो. वेग ताशी 60 वर आणला, तर तोच ओढा 25 किलोवर उतरतो. याचे कारण असे की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 80 व 60 यांचे प्रमाण चारास तीन, म्हणून विरोधाचे प्रमाण सोळास नऊ. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे गणित स्वतः करून पाहावे.

आता हे ओढे डिझेलमध्ये मोजू. एक लिटर डिझेलात जी ऊर्जा असते, तिच्यापैकी चांगले इंजिन सुमारे तीस टक्के कामी लावते व बाकीची उष्णतेच्या रूपाने वाया जाते. या मानाने 100 किलोमीटर प्रवासात आपल्या ट्रेलरपायी रस्त्यासाठी सुमारे पाऊण लिटर डिझेल अधिक जळेल. हवेसाठी 60 च्या वेगाने सव्वादोन लिटर आणि 80 च्या वेगाने चार लिटरांहून थोडे अधिक जळेल. मग घाटाचे काय? कसाऱ्याहून इगतपुरीस चढताना सुमारे 300 मीटर उंची गाठावी लागते. 600 किलोचा ट्रेलर तेवढा वर नेण्यास लागणारे डिझेल एका चहाच्या पेल्यात मावेल, म्हणजे पाव लिटरही भरत नाही!

हा निष्कर्ष पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. घाट आला की डिझेल संपते, अशी आपली समजूत असते. परंतु घाट लहान असतो आणि हवा सर्व वाटभर सोबत असते. यावरून काटकसरीचा पहिला नियम निघतो, तो असा, की ट्रेलर बुटका असावा. तो मोटारीच्या आडोशात जितका झाकला जाईल तितके बरे. आतील जागेसाठी छप्पर उंच हवेच असेल, तर मुक्कामी उघडणारे व प्रवासात मिटणारे कापडी छप्पर निवडावे. दुसरा नियम वेगाचा. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि हे आमणे आपल्याच भिवंडी तालुक्यातले. रुंद व सरळ रस्ता दिसला की पाय आपोआप दाबला जातो. परंतु मागे ट्रेलर असता तो मोह ज्यास आवरता येईल, त्याने कोणतेही नवे यंत्र न घेता इंधनाचा मोठा भाग वाचविला असे समजावे.

तर मग घाटास काहीच महत्त्व नाही काय? आहे, आणि फार आहे. मात्र ते इंधनाचे नसून जोराचे व सुरक्षिततेचे आहे. थळ घाटातील लोहमार्ग 1865 साली सुरू झाला. त्याचा सर्वांत तीव्र चढ 37 स 1 असा आहे, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. एवढ्या चढासाठीही कसाऱ्यास आगगाड्यांना मागून जादा इंजिने जोडण्याचा प्रघात पडला. मोटाररस्त्यावर याहून तीव्र चढ ठिकठिकाणी आढळतात. 20 स 1 अशा चढावर 2,000 किलोची भरलेली मोटार व 600 किलोचा ट्रेलर मिळून 130 किलोचा ओढा निव्वळ चढासाठीच लागतो. त्यातून पुढे मालमोटार अडकली आणि चढावरच थांबून पुन्हा निघावे लागले, तर गाडीची खरी परीक्षा होते.

येथे इंजिनाच्या अश्वशक्तीपेक्षा त्याचा टॉर्क पाहावा. टॉर्क म्हणजे फिरविण्याचा जोर. आखूड पान्याने न हलणारा नट लांब पान्याने सैल होतो, हे ज्याने पाहिले आहे त्यास टॉर्क समजला. हा जोर कमी फेऱ्यांत मिळणे महत्त्वाचे असते. उदाहरणार्थ, महिंद्र कंपनीच्या बोलेरो गाडीचे डिझेल इंजिन 210 न्यूटन-मीटर टॉर्क देते व तो मिनिटास 1,600 ते 2,200 फेऱ्यांच्या दरम्यान मिळतो. मारुतीच्या आल्टो के10 या लहान पेट्रोल गाडीचा टॉर्क 89 न्यूटन-मीटर असून तो 3,500 फेऱ्यांस मिळतो. म्हणजे दुसऱ्या गाडीस ओझे हलविण्याकरिता इंजिन जोराने फिरवावे लागेल, क्लच घासला जाईल व तिची प्रसिद्ध काटकसर चढावरच संपेल. एकटी धावताना जी गाडी कमी पिते, ती ओझे ओढतानाही कमीच पिईल असे नाही. सीएनजीवर चालविल्यास तीच गाडी पेट्रोलपेक्षा किंचित कमी जोर देते, हेही ध्यानात ठेवावे. विजेच्या मोटारीस टॉर्क भरपूर असतो व उतारावर ती थोडी वीज परतही मिळविते. परंतु उंच ट्रेलर मागे असता एका चार्जिंगमधील तिचा पल्ला पुष्कळ घटतो. म्हणून वाटेतील चार्जिंगची ठिकाणे आधी पाहूनच निघावे.

आता उतार. आमच्या मते या विषयातील सर्वांत गंभीर भाग हाच होय. वर सांगितलेली 2,600 किलोची जोडी 300 मीटर खाली उतरताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने सुमारे 25 लिटर पाण्यास आधण येईल. तिचा काही भाग रस्ता व वारा घेतात. उरलेली सर्व चालकाने ब्रेकांवर टाकली, तर ब्रेक तापून निकामी होण्यास वेळ लागत नाही. तापलेल्या ब्रेकांचा दर्प ज्याने घाटात घेतला आहे त्यास याहून अधिक सांगणे नको. याकरिता ज्या गिअरने आपण चढलो असतो त्याच गिअरने उतरावे, म्हणजे इंजिनच गाडीस आवरून धरते.

कित्येक चालक डिझेल वाचविण्याच्या नादाने उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. ही काटकसर नव्हे, तो जिवावरचा खेळ आहे. शिवाय त्यात काही वाचत नाही. आजच्या इंजिनांत गाडी गिअरमध्ये असून पाय ॲक्सिलरेटरवरून काढला, की इंधनाचा पुरवठा आपोआप बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे सुरक्षित मार्ग तोच स्वस्तही आहे. ज्या घरांतील वडील अथवा थोरले बंधू ट्रक चालवितात, त्या घरांतील मुलांनी ही एक गोष्ट अवश्य त्यांच्या कानांवर घालावी.

ओढणारी गाडी ओझ्यापेक्षा पुरेशी जड असावी, नाहीतर वळणावर वा उतारावर ट्रेलरच गाडीस ढकलू लागतो. नवशिक्या चालकाने मोटारीच्या वजनाच्या 85 टक्क्यांहून अधिक वजनाचा ट्रेलर ओढू नये, असा सल्ला ब्रिटनमध्ये देतात. ज्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील त्याचे भारासह वजन मोटारीच्या वजनाच्या निम्म्याहून किंवा 750 किलोहून अधिक नसावे, असा तेथील दंडक आहे. आपले घाट व आपले खड्डे पाहता ब्रेक असोत वा नसोत, निम्म्याचीच मर्यादा पाळणे आम्हांस शहाणपणाचे वाटते. या मापाने सोळाशे किलोच्या बोलेरोस आपला 600 किलोचा ट्रेलर चालेल, परंतु साडेसातशे किलोच्या लहान मोटारीने तंबू व शिधासामान ठेवण्याच्या तीनशे-साडेतीनशे किलोच्या ट्रेलरवरच समाधान मानावे.

सामान भरण्याचीही एक रीत आहे. जड वस्तू तळाशी व चाकांच्या वर ठेवाव्यात आणि एकूण वजनाचा 5 ते 7 टक्के भार पुढील हुकावर येईल असे करावे. 600 किलोच्या ट्रेलरसाठी हा भार 30 ते 42 किलो होतो. सर्व जड सामान मागच्या टोकास रचले, तर ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो व त्या डोलण्यात पुढची गाडीही सापडते. चालत्या ट्रेलरमध्ये कोणासही बसवू नये, मुलांस तर मुळीच नव्हे.

गाडी घेण्यापूर्वी तिच्याबरोबर मिळणारे माहितीपुस्तक मागून पाहावे. ओझे ओढण्यास कंपनीची अनुमती आहे काय व किती वजनापर्यंत, हे तेथे शोधावे. अनुमती नसल्यास कोणा मिस्त्रीने वेल्डिंग करून हूक बसवून दिला, तरी ती गाडी त्या कामाची होत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने ट्रेलर हेदेखील वाहनच मानले आहे. त्याची नोंदणी, क्रमांक, मागील दिवे व विमा यांची चौकशी परिवहन कार्यालयात आधीच करावी.

शेवटी संबंध वर्षाचा जमाखर्च पाहू. समजा, एखाद्या कुटुंबाची गाडी वर्षात 10,000 किलोमीटर धावते व त्यांपैकी 1,000 किलोमीटर ट्रेलरसह. उरलेल्या 9,000 किलोमीटरांस लिटरमागे 20 किलोमीटर धावणारी लहान गाडी 450 लिटर इंधन घेईल. लिटरमागे 14 किलोमीटर धावणारी मोठी गाडी सुमारे 640 लिटर घेईल. म्हणजे चार दिवसांच्या सहलीकरिता मोठी गाडी घेतली, तर वर्षभर 190 लिटरांचा दंड भरावा लागेल. म्हणून आमचे मत असे, की ट्रेलरसाठी गाडी निवडू नये, गाडीस साजेल असा ट्रेलर निवडावा. ज्यांस धंद्यासाठी, तागे व सुताची बाचकी नेण्यासाठी, जोरदार डिझेल गाडी लागतेच, त्यांनी तीस 600 किलोचा बुटका ट्रेलर खुशाल जोडावा. ज्यांची गरज लहान गाडीने भागते त्यांनी तीच ठेवावी व हलका ट्रेलर किंवा नुसता तंबू घेऊन निघावे. भंडारदऱ्याचे चांदणे तंबूतूनही तेवढेच दिसते.

विद्यार्थ्यांनी पुढील सुट्टीत एक प्रयोग करून पाहावा. घरच्या गाडीची टाकी पूर्ण भरून एकाच वाटेने एकदा वेगाने व एकदा सावकाश जावे. प्रत्येक वेळी टाकी पुन्हा भरून किती लिटर लागले ते वहीत टिपावे. गाडी अर्थातच वडीलधाऱ्यांनी चालवावयाची, टिपण मात्र मुलांनी ठेवावयाचे. त्या वहीत जे दोन आकडे उतरतील, ते विक्रेत्याने सांगितलेल्या ॲव्हरेजपेक्षा अधिक उपयोगी पडतील, याची आम्हांस खात्री आहे.