जुनी पद्मिनी सकाळीच का खडखडते? पहिल्या दोन मिनिटांत इंजिन बरंच काही सांगतं

हौसेने प्रीमियर पद्मिनी घेतलेल्या माणसाला पहिल्याच थंडीत दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, "जुनी गाडी आहे, वाजणारच." दुसरा म्हणतो, "इंजिन खोलावं लागेल." पहिल्याचं ऐकून आवाज अंगावर काढला तर क्रँक जाऊ शकतो. दुसऱ्याचं ऐकलं तर साध्या टॅपेट सेटिंगच्या कामासाठी अख्खं इंजिन बाहेर येतं.

मुळात हे फियाट 1100 चं इंजिन. 1089 सीसी, चार सिलिंडर, कुर्ल्याच्या कारखान्यात वर्षानुवर्षं बनलेलं. उत्पादन थांबून दोन दशकं उलटली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीही गेल्या. टॅक्स्या होत्या तोवर हे इंजिन नुसत्या कानाने ओळखणारा फिटर सहज सापडायचा. आता गाडीच्या मालकालाच थोडं कान देऊन ऐकावं लागतं.

कोल्ड स्टार्टसाठी काश्मीरची थंडी लागत नाही. गाडी रात्रभर उभी राहिली तरी पुरे. वरच्या भागातलं बरंचसं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं आणि इंजिनचे भाग गार होऊन आकसलेले असतात. त्यामुळे सुरू केल्यावर दोन-तीन सेकंद खडखड झाली आणि ऑइलचा लाल दिवा विझताच आवाजही थांबला, तर बहुतेक वेळा घाबरण्यासारखं काही नसतं. ऑइलची पातळी तेवढी बघून घ्यावी.

त्यानंतरही आवाज येत राहिला, तर तो कसा आहे यापेक्षा तो कधी थांबतो हे जास्त महत्त्वाचं.

वरून, हेड कव्हरच्या बाजूने शिलाई मशीनसारखी बारीक टकटक येत असेल तर संशय टॅपेटवर. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एकच फेरी होते. म्हणजे मिनिटाला 800 फेऱ्यांच्या आयडलिंगला एकेक व्हॉल्व्ह 400 वेळा उघडतो. एकच टॅपेट सैल असेल तर सेकंदाला सहा-सात टकटक मोजता येण्याइतक्या सरळ ऐकू येतात. गाडी गरम झाल्यावरही हा आवाज पूर्ण जात नाही. उपाय स्वस्त आहे: फीलर गेज लावून मॅन्युअलप्रमाणे गॅप बसवायचा. पण काही ठिकाणी गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून टॅपेट गरजेपेक्षा घट्ट करून देतात. गाडी एकदम शांत होते खरी, पण व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि हळूहळू जळतो. या इंजिनात टॅपेटचा हलका आवाज असणं हेच बरं.

दुसरा आवाज सिलिंडरच्या बाजूने येतो. जरा बोथट, रिकाम्या डब्यावर ठोकल्यासारखा. हा पिस्टनचा. पिस्टन ॲल्युमिनियमचा आणि ब्लॉक बिडाचा. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून गार असताना दोघांमधली फट मोठी असते आणि पिस्टन भिंतीवर आपटतो. इंजिन तापलं की फट कमी होते, आवाजही विरतो. झीज झाली आहे एवढं यातून कळतं. मात्र ऑइल जळत नसेल, निळा धूर नसेल आणि गाडी ओढत असेल, तर बोअरच्या खर्चाची घाई नको.

फसवतो तो तिसरा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गॅस्केट फुटली की फट-फट असा टॅपेटसारखाच आवाज येतो. लोखंड तापून फुगलं की फट बुजते आणि आवाज गायब. जोडाजवळ काजळीचा काळा डाग दिसला की चोर सापडला. धूर तिथूनच गळत असल्याने ही तपासणी मोकळ्या जागेतच करावी, बंद गॅरेजमध्ये कधीच नाही.

आणि ज्याला खरोखर घाबरायचं, तो आवाज नेमका उलटा वागतो. खालून, चेंबरच्या बाजूने जड ठोक येते. इंजिन तापून ऑइल पातळ झालं की ती कमी होण्याऐवजी वाढते. रेस देऊन ॲक्सिलरेटर हलकेच सोडला की ठळक ऐकू येते. हे कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. वेळीच बदललं तर काम बेअरिंगवर निभावू शकतं, नाहीतर क्रँक घासून घ्यावा लागतो.

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की आवाजाची जागा बरीच कळते. फक्त बाही, ओढणी आणि केस पंख्यापासून लांब हवेत. मोबाईलच्या रेकॉर्डिंगवर फार विसंबू नये. त्यात वरची टकटक ठळक येते, खोलवरची ठोक हरवते.

खरी गोची मात्र वेगळीच आहे. गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेली की इंजिन तापतं आणि पोहोचेपर्यंत पुरावाच नाहीसा होतो. फिटर म्हणतो, "काही वाजत नाही हो!" त्यावर एकच इलाज: गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजवर ठेवायची आणि सकाळी पहिल्यांदा चावी फिरवताना फिटरला शेजारी उभं करायचं. खालून जड ठोक येत असेल किंवा लाल दिवा विझत नसेल, तर तिथपर्यंतही गाडी चालवत नव्हे, टो करूनच न्यायची.