व्हॅल्युएशन चुकलं, पण मुदत कधीपासून मोजायची?

कर्जत तालुक्यात रानाचा भाव पाणी ठरवतं. कुकडीच्या कालव्याचं आवर्तन पोचतं ते रान आणि नुसत्या पावसावरचं जिरायत, दोन्ही बांधाला बांध लागून असली तरी भाव वेगळे. म्हणून समजा, मिरजगावकडच्या एकाने दोन एकर घेण्याआधी स्वतः फी भरून व्हॅल्युअर नेमला. १० जून २०२२ रोजी अहवाल हातात आला. अहवालात रान बागायत धरलं होतं. प्रत्यक्षात तिथली विहीर जानेवारीतच तळ दाखवते आणि कालव्याची चारी त्या गटापर्यंत येतच नाही. जुलै २०२५ मध्ये रान विकायला काढल्यावर खरा भाव कळला. आता व्हॅल्युअरवर भरपाईचा दावा लावायचा म्हटलं, की पारावर सल्ल्यांना तोटा नसतो.

“जमिनीचं प्रकरण आहे, बारा वर्षं कुठे जात नाहीत.” बारा वर्षं असतात ती मालकीहक्काने जमिनीचा ताबा मागण्यासाठी. मुदत अधिनियम, १९६३ मधला अनुच्छेद ६५ त्यासाठी आहे. इथे जमीन कुणी बळकावलेली नाही. पैसे घेऊन केलेलं काम चुकलं आहे. करारभंगाच्या भरपाईला अनुच्छेद ५५ लागतो, त्याची मुदत तीन वर्षं. व्हॅल्युअर बँकेने नेमला असेल, तर फी तुमच्या खात्यातून गेली तरी करार सहसा बँकेशी असतो. मग निष्काळजीपणाचा दावा अनुच्छेद ११३ खाली येतो. तिथेही तीनच वर्षं, आणि त्याआधी तुमच्याबद्दल काळजी घेणं व्हॅल्युअरवर बंधनकारक होतं हे सिद्ध करावं लागतं.

“तीन तर तीन, पण चूक कळली तेव्हापासून ना?” माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने होतं, कारण ती न्यायाला धरून वाटते. इंग्लंडात १९८६ च्या कायद्याने निष्काळजीपणाच्या दाव्यांना अशी सवलत दिली आहे: लपलेलं नुकसान कळल्यापासून तीन वर्षं, पण एकूण पंधरा वर्षांच्या आत. आपल्याकडे तशी सरसकट सोय नाही. अनुच्छेद ५५ मध्ये मुदत करार मोडल्यापासून धावते, म्हणजे आपल्या उदाहरणात चुकीचा अहवाल दिला त्या दिवसापासून. पहिला दिवस मोजत नाहीत, म्हणून शेवटची तारीख १० जून २०२५. जुलैमध्ये ती उलटून गेलेली असते.

अपवाद मुदत अधिनियमाच्या कलम १७ चा. व्हॅल्युअरने फसवणूक करून खरी गोष्ट दडवली असेल, तर ती उघड झाल्यापासून, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर जेव्हा कळली असती तेव्हापासून, मुदत मोजतात. पण साधी हयगय म्हणजे फसवणूक नव्हे. शिवाय सातबारा कुणालाही काढता येतो आणि विहीर डोळ्यांनी दिसते. “तेव्हाच का पाहिलं नाही?” हा प्रश्न विरुद्ध बाजूचा वकील विचारणारच.

“वकिलाची नोटीस दिली, आता मुदत थांबली.” नाही. नोटिशीने मुदत थांबत नाही, तहसीलला दिलेल्या अर्जाने नाही आणि “बसून मिटवू” या फोनवरच्या आश्वासनानेही नाही. मुदत संपण्याआधी व्हॅल्युअरने आपली जबाबदारी सही करून लेखी मान्य केली, तर कलम १८ प्रमाणे त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. माणसं वर्षभर चकरा मारतात, चहापाण्यात बोलणी होतात आणि सहीचा कागद मात्र एकही नसतो, हे पाहून जीव तुटतो.

“उशीर झाला तर कोर्ट माफ करतं.” कलम ५ ची ती माफी अपिलांना आणि अर्जांना आहे, दाव्याला नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी कलम ३ मुळे कोर्टाला दावा फेटाळावाच लागतो. ग्राहक आयोगाची गोष्ट उलटी आहे: तिथे मुदत दोनच वर्षं, पण सबळ कारण दाखवलं तर २०१९ च्या कायद्यातल्या कलम ६९ प्रमाणे आयोग उशीर माफ करू शकतो. आपल्या माणसाला नगरच्या जिल्हा आयोगात उशिराचं असं सबळ कारण दाखवावं लागेल.

अहवालाखाली बारीक अक्षरात “तक्रार ३० दिवसांत करावी, नंतर हक्क राहणार नाही” असं छापलेलं असेल, तर घाबरू नका. कायद्याने दिलेली मुदत करारातून कापता येत नाही. करार कायद्याचं कलम २८ अशी अट रद्दबातल ठरवतं.

फौजदारी बाजू वेगळी. खोटा अहवाल जाणूनबुजून, संगनमताने दिला असेल तर २०२२ च्या प्रकाराला भारतीय दंड संहितेचं कलम ४२० लागू शकतं. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने दखल घ्यायला मुदतीची आडकाठी नाही. मात्र नुसती चूक त्यात बसत नाही आणि पोलिसात तक्रार दिल्याने दिवाणी मुदत वाढत नाही.

आता अहवाल उघडा. त्यात बहुधा तीन तारखा दिसतील: जागा पाहिल्याची, मूल्यांकनाची आणि सहीची. तो तुमच्या हातात पडला ती चौथी. वाद नको असेल तर यातली सगळ्यात आधीची धरून तीन वर्षं मोजा, ग्राहक आयोगासाठी दोन. बँकेने प्रत दिली नसेल तर आजच लेखी मागा आणि पोच घ्या. अहवाल मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर आला असेल तर फोन बदलताना तो मेसेज पुसू देऊ नका. चौथ्या तारखेचा पुरावा तोच असतो.