आधीं दम, मागाहून वेग

पणदऱ्याहून नीरा ओलांडून फलटणच्या पलीकडे गेलें म्हणजे माण तालुक्याचा अवर्षणग्रस्त मुलूख लागतो. तेथील मोही गांवच्या ललिता बाबर यांनीं २०१६ सालीं रिओच्या ऑलिंपिकमध्यें स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे व पाण्याचा खड्डा ओलांडावयाच्या ३,००० मीटर शर्यतीची, अंतिम फेरी गांठली. प्राथमिक फेरी त्यांनीं ९ मिनिटें १९.७६ सेकंदांत पुरी केली. अंतिम फेरींत त्या दहाव्या आल्या. तत्पूर्वीं, २०१४ पर्यंत, मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें भारतीय महिलांत त्या तीन वेळां पहिल्या आल्या होत्या. लांब पल्ल्याचा दम आधीं कमावलेला होता, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

८०० मीटरच्या शर्यतींतही निम्म्याहून अधिक शक्ति प्राणवायूच्या साहाय्यानें निर्माण होते. १,५०० मीटरमध्यें तें प्रमाण आणखी वाढतें. सावकाश व दीर्घ धावण्यानें हृदय प्रत्येक ठोक्यास अधिक रक्त पुढें लोटूं लागतें आणि स्नायूंतील केशवाहिन्यांचें जाळें दाट होतें. या कामास महिने व वर्षें लागतात. न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड आपल्या शिष्यांकडून आठवड्यास सुमारें १०० मैल धावणें करवून घेत. त्यांपैकीं पीटर स्नेल यानें १९६४ सालीं टोकियोस ८०० व १,५०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. अर्थात् तो आंकडा कसलेल्या प्रौढांचा आहे, शाळकरी मुलांचा नव्हे.

मुलामुलींनीं आठवड्यांतून चार दिवस, ऊन चढण्यापूर्वीं, मातीच्या वाटेनें वीस-पंचवीस मिनिटें धावावें. सोबत्याशीं पूर्ण वाक्य बोलतां यावें, इतकाच वेग असावा. भर हळूहळू घालावी. एखादा दिवस चढणीचा व एक दिवस पूर्ण विश्रांतीचा असावा. भाकरी, डाळ, दूध पोटभर मिळावें. मुलींच्या आहारांत लोहाची उणीव राहूं देऊं नये.

परंतु आमच्या घरांतून दोन चुकीच्या रीती आढळतात. स्पर्धेआधीं पंधरा दिवस मुलास रोज जीव तोडून पळवावयाचें, ही एक. मुलगी दहावींत गेली कीं तिचें धावणें बंद करावयाचें, ही दुसरी. पहिलीनें दुखापत पदरीं येते. दुसरी अधिक घातक होय. कारण कांहीं आठवड्यांच्या खंडानेंच दम ओसरूं लागतो आणि पाया पक्का होण्याचीं वर्षें वायां जातात. आजोबांनीं घड्याळ खिशांतच ठेवावें, काकांनीं किंवा आत्यानें पहाटे नातीबरोबर, पुतणीबरोबर, भाचीबरोबर सायकल घेऊन जावें. एकत्र कुटुंबास हें सहज साधण्यासारखें आहे, असें आम्हांस वाटतें.